दोन वर्षं राहायचंय, मग भाड्यानं द्यायचंय: फ्लॅटवर खर्च करू तरी किती?

पत्रातला मुख्य भाग असा आहे: "ताई, कोथरूडमध्ये आम्ही रिसेलचा २बीएचके घेतलाय. ६४० कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग १९९७ ची. किल्ली दसऱ्याला मिळेल. बावधनच्या नव्या घराचं पझेशन अजून दोन-अडीच वर्षांनी आहे, तोवर इथे राहू आणि नंतर हा फ्लॅट भाड्यानं देऊ असं ठरवलंय. हातात ८ लाख आहेत, कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलंय ११ लाख ४० हजारांचं. बँक ५ लाख पर्सनल लोन देतेय, १३ टक्के, ५ वर्षं. सासूबाई म्हणतात एकदाच काय ते नीट करून घ्या, नवरा म्हणतो भाडेकरूसाठी कशाला एवढं. एजंट म्हणाला आहे तसा दिलात तर २४ हजार, सगळं करून दिलंत तर २९. रोज रात्री वही काढून बसते आणि आकडा काही जमत नाही. काय करू? — कोथरूडची वाचक"

ताई, कोटेशनचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण आकडा का जमत नाहीये ते त्यातच आहे. शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात "टॅक्स एक्स्ट्रा" लिहिलंय बघा. म्हणजे ११ लाख ४० हजारांवर १८ टक्के जीएसटी, २ लाख ५ हजार २००. तुमचं काम १३ लाख ४५ हजारांचं आहे, आणि त्यात राडारोडा उचलायचे पैसे नाहीत, तिसऱ्या मजल्यावर टाइल्स-सिमेंट चढवायची हमाली नाही, सोसायटीचं डिपॉझिट नाही. त्यामुळे ८ लाखांत हे बसत का नाही असं स्वतःला विचारत बसू नका, ते बसणारच नव्हतं, तुमच्या हिशोबात काही चूक नाहीये.

पण बजेट कमी करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही मी सगळ्यात वर ठेवीन. बिल्डिंग १९९७ ची आहे म्हणजे तीस वर्षांच्या घरात आलीच. कोथरूडमध्ये गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंटचे बोर्ड लागलेत ते तुम्ही रोज बघत असाल. तुमच्या सोसायटीत हा विषय निघालाय का ते सेक्रेटरींना सरळ विचारा, आणि नुसतं तोंडी नको, मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचायला मागा, सभासद झालात की तो तुमचा हक्कच आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा रिडेव्हलपमेंटबद्दलचा २०१९ चा जो जीआर (सरकारी आदेश) आहे त्यात ५१ टक्के सभासदांची संमती झाली की गाडी पुढे जाते. तसं काही सुरू असेल तर मी पुढे जे काही लिहिलंय त्यातलं फक्त वायरिंग आणि गळती बघा, रंग मारा आणि राहायला जा, कारण तीन-चार वर्षांत जी भिंत पाडणार आहेत तिच्यावर टाइल्स लावण्यात काही अर्थ नाही. विषयच नसेल तर मग पुढे वाचा.

तुमची खरी अडचण पैशांची कमी आणि यादीची जास्त आहे असं मला वाटतं. एकाच यादीत तुम्ही दोन घरं कोंबलीत, एक तुम्हाला दोन वर्षं राहायचंय ते आणि दुसरं भाडेकरूला द्यायचंय ते. वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे जे घराबरोबर तिथेच राहणार ते, म्हणजे पाइप, वायर, बाथरूम, ओटा, खिडक्यांच्या जाळ्या. उजवीकडे जे तुमच्याबरोबर बावधनला येऊ शकतं ते. कपाटं, टीव्ही युनिट, दिवे, पडदे. उजवीकडचं काहीही भिंतीत ठोकून बसवायचं नाही, सुटं घ्यायचं किंवा आहे ते वापरायचं. तुमच्याकडे आत्ताच्या भाड्याच्या घरात दोन लोखंडी कपाटं आहेत असं तुम्हीच लिहिलंय, मग २ लाखांचे वॉर्डरोब कोणासाठी? तुम्ही दोन वर्षं वापरणार आणि मग सोडून जाणार.

आता एजंटच्या २४ आणि २९ कडे येऊ. फरक ५ हजार. वर्षाचे ११ महिने धरा, १२ धरू नका, भाडेकरू बदलताना मधे एखादा महिना घर रिकामं जातंच. झाले ५५ हजार. पूर्ण कोटेशन करायचं झालं तर १३ लाख ४५ हजार, आणि मी खाली जो प्लॅन सांगतेय तो ७ लाख ४ हजारांत होतो, म्हणजे फरक ६ लाख ४१ हजारांचा. ५५ हजारांनी भागा, साडेअकरा वर्षांच्याही थोडं वर येतं. त्यात ते ५५ हजार पूर्ण तुमच्या हातात येत नाहीत, तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ३० टक्के सरसकट वजावट जाऊन उरलेल्या ७० टक्क्यांवर टॅक्स लागून सेस न धरता साडेत्रेचाळीस हजारच उरतात, मग हीच वसुली पावणेपंधरा वर्षांवर जाते. पावणेपंधरा वर्षं कुठलं फॉल्स सीलिंग आणि कुठला लॅमिनेट टिकतो हो? शिवाय २४ हजार हा "आहे तसा" चा भाव आहे, चांगलं पाणी येणारं, एसी पॉइंट असलेलं, स्वच्छ रंगवलेलं घर त्याच्या वरच जाईल, म्हणजे फरक ५ हजारांचाही राहत नाही.

आणि हे लोन नको. ५ लाख, १३ टक्के, ५ वर्षं म्हणजे हप्ता ११ हजार ३७६ च्या आसपास, एकूण ६ लाख ८२ हजार भरणार, १ लाख ८२ हजार नुसतं व्याज. बावधनचं होम लोन चालू असताना वर हा हप्ता आणि घर अजून भाड्यानं गेलेलंच नाही, मग रात्रीची वही बंद कशी होणार?

माझा प्लॅन असा. दोन्ही बाथरूम २ लाख ६० हजार, एक पैसा कमी करायचा नाही. वायरिंग १ लाख १० हजार, तेही तसंच. किचन २ लाख ३० वरून १ लाख १० वर. फरशी १ लाख ७० वरून २५ हजारांवर, फक्त पॉलिश. रंग ७० वरून ४५ वर. सीलिंग आणि वॉर्डरोब शून्य. बेरीज साडेपाच लाख, जीएसटी ९९ हजार, झाले ६ लाख ४९ हजार. वर ५५ हजार "फोडल्यावर निघालं तर" साठी, हे बाथरूम आणि वायरिंगच्या १५ टक्के आहेत, जुन्या बिल्डिंगमध्ये भिंत फोडल्यावर काहीतरी निघतंच त्यामुळे हे पैसे वाचतील असं धरूच नका. ७ लाख ४ हजार. उरले ९६ हजार. त्यातनं हमाली, राडारोडा आणि सोसायटीचं डिपॉझिट भागवा (डिपॉझिट परत मिळतं, पावती जपून ठेवा) आणि बाकीचे बाजूला, अडीच वर्षांनी भाडेकरू यायच्या आधी पुन्हा रंग लागणार आहे त्यासाठी. म्हणूनच आत्ता महागाचा रंग नको. लांबी (म्हणजे रंगाखालची पुट्टी) नीट भरून घ्या, ती पुढे कामाला येते, वरचा हात साधा चालेल. फक्त शेडचा नंबर लिहून ठेवा.

बाथरूमवर मी एवढी अडून का बसलेय ते सांगते. आमचा चिंचवडला एक छोटा १बीएचके होता, भाड्यानं द्यायचा म्हणून आम्ही हॉलमध्ये सीलिंग केलं, किचनला पांढरे चकचकीत शटर लावले आणि बाथरूम मात्र "टाइल्स चांगल्या आहेत की" म्हणून फोडलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे काका दाराशी आले, ओरडले वगैरे काही नाहीत, फक्त म्हणाले जरा खाली येता का. गेले. त्यांच्या बाथरूमच्या छताला पोपडे सुटलेले, मधोमध एक ओला काळपट गोल, आणि त्यातून थेंब पडत होता तिथे त्यांनी बादली ठेवलेली. बादली अर्धी भरली होती. मग भाडेकरू राहत असताना बाथरूम फोडावं लागलं, त्यांना आठवडाभर नातेवाइकांकडे जावं लागलं, त्या महिन्याचं भाडं मी घेतलं नाही, काकांचं छत रंगवून दिलं. फरशीखालचा ब्रिकबॅट कोबा काढला तेव्हा विटांचे तुकडे पिळावेत इतके ओले होते, आणि भिंतीतला जीआय (लोखंडी) पाइप कापला तर आत गंजानं एवढा भरलेला की त्यात पेन्सिल जात नव्हती. भाडेकरू सहा महिने "ताई पाणी बारीक येतं" म्हणत होते आणि मी त्यांना नळाची जाळी साफ करा असं सांगत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बाथरूम-टॉयलेटमधून खाली गळती झाली तर तो खर्च सोसायटीचा नाही, घरमालकाचा असतो, सोसायटीच्या उपविधीतच तसं आहे. तेव्हा दोन्ही बाथरूम पूर्ण फोडा, जुने जीआय पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) टाका आणि वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावायच्या आधी पाणी भरून बघा. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल "बघितलं मॅडम", त्यावर जाऊ नका, स्वतः उभं राहून करून घ्या. न्हाणी ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घालून तो नीट बंद करायचा, दोन-तीन इंच पाणी भरायचं, पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलची खूण करायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मग खालच्यांकडे जाऊन छत बघायचं. त्यांना आधीच सांगून ठेवा, पेढे घेऊन जा नाहीतर नुसता नमस्कार करा, पण काम सुरू व्हायच्या आधी ओळख करून घ्या, पुढची वीस वर्षं तुमचा भाडेकरू त्यांच्या डोक्यावर राहणार आहे. नळ घेताना कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे ज्याचे वॉशर-स्पिंडल मिळतात तेच घ्या.

वायरिंगमध्ये दोन्ही बेडरूमला एसीचा पॉइंट आणि दोन गीझर, यांना ४ स्क्वेअर एमएमची वायर, अर्थिंग खरंच आहे का ते मीटर लावून तपासायचं, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. एसी तुम्ही लावा किंवा लावू नका, पॉइंट द्या, भाडेकरू घर बघायला आला की आधी तेच विचारतो, आणि त्यानंतर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा नळ आणि पाणी जायची सोय. एसी वाढणार असतील तर महावितरणकडे मंजूर लोड वाढवायला लागेल का तेही इलेक्ट्रिशियनला आत्ताच विचारा. भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचे टेप धरून फोटो काढा. पुढे भाडेकरूला टीव्ही टांगायचा असतो, ड्रिल मारून पाइप फुटतो. तो फोटो त्याला पाठवला की प्रश्न मिटतो. वायर, स्विच, एमसीबी तपकीर गल्लीत स्वतः जाऊन भाव काढा, आयएसआयचा शिक्का बघून, आणि कोटेशनमध्ये "मटेरियल आमचं, मजुरी तुमची" असं करता येतं का विचारा, निदान भाव तरी कळतील.

किचनमध्ये जुना कडाप्प्याचा ओटा आहे असं फोटोत दिसतंय. ताई, तो तोडू नका! कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांचा सांगाडा पाण्यानं फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि आज प्लायवर तेवढं टिकाऊ करायला दुप्पट पैसे जातात. फक्त वरचा ग्रॅनाइट बदलायचा असेल तर बदला, सिंक खोल घ्या, भिंतीवर ओट्यापासून दोन फूट टाइल, खाली स्टीलच्या ट्रॉल्या. शटरला प्लाय लागला तर आयएस ७१० छापलेला, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), नुसता "वॉटरप्रूफ आहे" असं तोंडी सांगितलेला नको, पानावर शिक्का बघा. सिंकखाली तर लाकूड अजिबात नको, तिथे अॅल्युमिनियमचं शटर लावा. आमचे ते पांढरे चकचकीत शटर सिंकखालीच पहिल्या वर्षात फुगले, बंदच होईनात, आणि ओट्याजवळच्यांवर हळदीचे डाग पडले ते कशानंच गेले नाहीत. यात भाडेकरूची काही चूक नाही, रोज दोन वेळचा स्वयंपाक होणारं किचन आहे ते.

फरशीबद्दल सासूबाईंना वाईट वाटेल कदाचित. पण तुमच्याकडची मोझॅक आहे, कुठे हलत नाहीये, तिच्यावर नवी टाइल टाकली की सगळी दारं खालून कापावी लागतात, बाथरूमच्या उंबऱ्याची पातळी बिघडते आणि स्लॅबवर वजन वाढतं ते वेगळंच. मोझॅकला मशीननं तीन-चार हात घासून पॉलिश मारलं की ती फार सुंदर दिसते, आधी एका खोलीत करून त्यांना दाखवा. पॉलिशचं ते पांढरं गढूळ पाणी मात्र कामगार सरळ न्हाणीत सोडतात, ते आत जाऊन दगडासारखं बसतं आणि नव्या केलेल्या बाथरूमचा पाइप तुंबतो, म्हणून ते बादलीत गोळा करायला लावा. पॉलिश रंगाच्या शेवटच्या हाताआधी.

किल्ली दसऱ्याला मिळतेय म्हणून लगेच फोडाफोडी सुरू करू नका. सुतार, प्लंबर, टाइलवाले, बरेच जण दिवाळीला गावी जातात आणि छठपूजेनंतर परत येतात, तोवर तुमचं बाथरूम उघडं पडून राहील. दसरा ते दिवाळी हा वेळ दुसऱ्या कामाला वापरा, पावसाळा नुकताच संपलेला असेल तेव्हा बाहेरच्या भिंतींवर ओल कुठे आलीय ते स्वच्छ दिसतं, तिचे फोटो काढून सोसायटीला पत्र द्या, बाहेरून येणारी गळती सोसायटीनं बघायची असते. एकदा लांबी भरली की ती जूनपर्यंत दिसत नाही. कामाच्या वेळा, दुपारची बंदी, एनओसी हे सगळं याच दिवसांत उरका. बीम-कॉलमला हात लावायचा नाही आणि बाल्कनीची भिंत पाडून हॉल मोठा करायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

कॉन्ट्रॅक्टरला पैसे टप्प्याटप्प्यानं. सुरुवातीला थोडे, पाइप टाकून झाले की, पाण्याची टेस्ट पास झाली की, वायरिंग चालू करून दाखवलं की. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवा आणि हे आधीच कागदावर लिहून घ्या. पक्की बिलं मागा, सगळी जपून ठेवा. कोणी म्हणेल खर्च करा, भाड्याच्या टॅक्समध्ये वसूल होतो, तर तसं नाहीये, भाड्यातून ती ३० टक्क्यांची वजावट तुम्ही खर्च केला तरी तेवढीच आणि नाही केला तरी तेवढीच. बिलं लागतात ती पुढे कधी फ्लॅट विकलात तर, घरात सुधारणा म्हणून केलेला खर्च तेव्हा मोजताना.

राहायला गेलात की मिळकतकराचा पीटी-३ फॉर्म भरा, स्वतः राहत असाल तर पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते. भाड्यानं दिलं की ती जाते, आणि सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) लावते, पण तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, २००१ पासून तसा सरकारी आदेश आहे, जास्त मागितला तर नम्रपणे दाखवा. हे दोन्ही भाड्याच्या हिशोबात आत्ताच लिहून टाका. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा) करार रजिस्टर करणं कायद्यानं घरमालकाचीच जबाबदारी आहे, त्याला घरातल्या वस्तूंची यादी फोटोसकट जोडा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या.

नवऱ्याला सांगा, भाडेकरूसाठी कशाला हे त्यांचं म्हणणं सीलिंगच्या बाबतीत बरोबर आहे, पाइपच्या बाबतीत नाही. तिथे कोणाचं तरी लहान मूल अंघोळ करणार आहे, गीझरला अर्थिंग हवंच. आणि सासूबाईंचं "एकदाच नीट करा" हेही मला पटतं, फक्त ते भिंतीच्या आत करा.

दसऱ्याच्या आधी सोसायटीची इतिवृत्तं वाचून झाली की मला कळवा, आणि खालच्या घरात एकदा जाऊन त्यांच्या दोन्ही बाथरूमच्या छताचे फोटो काढून पाठवा, त्यावरून दोन्ही एकदम फोडायची की आधी एक ते ठरवू, म्हणजे काम चालू असताना तुम्हाला एक तरी वापरता येईल.